पोळी पावणेसहाची, खायची साडेबाराला: मऊ कशी ठेवायची?

ओसरी

शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले, पण डब्याचं गणित अजून जमत नाही. घरात दोन डबे आणि दोन्हींच्या वेळा वेगळ्या. मुलगा पाचवीत, सकाळचं सत्र. ६.३५ ला निघतो, ९.५० च्या सुट्टीत खातो. मुलगी दुसरीत. चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत हा २०२४ चा शासन निर्णय आल्यापासून तिची शाळा ९ ची झाली. ती ८.२० ला निघते आणि १२.३० ला डबा खाते. पोळ्या मात्र सगळ्या एकदमच, पावणेसहा ते सव्वासहात होतात.

मुलाची पोळी ठीक असते. मुलीच्या डब्यातून परत आलेले तुकडे बघितले तर कडा वातड आणि मधला भाग ओला, चिकट. एकाच पोळीत दोन्ही कसं होतं?

पद्धत अशी: गहू लोकवन, गिरणीतून दळून आणलेला. ४ वाट्या कणकेला सव्वा वाटी पाणी, १ चमचा तेल, मीठ. भिजवली की लगेच लाटायला घेते. घडीची पोळी, लोखंडी तवा, मध्यम आच. तव्यावरून काढली की तूप लावून स्टीलच्या डब्यात एकावर एक, वर झाकण. मुलीचा डबा ८ वाजता त्यातूनच भरते. तिचा डबा स्टीलचा, कप्प्यांचा, झाकणाला रबर आणि दोन बाजूंना क्लिपा. आम्ही ठाण्यात राहतो, त्यामुळे सध्या हवा पूर्ण दमट.

दुसरं म्हणजे भाजीला पाणी सुटून ते पोळीच्या कप्प्यात जातं. कोबी आणि भेंडीचं तर नेहमीचंच.

तिसरं, आठवड्यातून दोन दिवस तरी मुलीचा डबा हातही न लावता परत येतो. विचारलं की "वेळ नाही मिळाला" एवढंच सांगते. त्या दिवशी आवडीची भाजी असली तरी तेच.

कडीकोयंडा

तिसऱ्याचं आधी घेऊ या. डबा उघडलाच नाही तर पोळी कितीही मऊ असून काय उपयोग?

डबा न खाता परत येईल त्या दिवशी झाकण तुम्ही स्वतः उघडा आणि नीट लक्ष द्या. क्लिपा सोडल्यावरही झाकण चिकटून राहतं का? उघडताना "पक्" असा आवाज येतो का? येत असेल तर मुलीला वेळ मिळाला नाही हे खरंच आहे, फक्त तो झाकणाशी झटण्यात गेला.

गरम भाजी भरून रबराचं झाकण लगेच लावलं की आत गरम हवा आणि वाफ कोंडली जाते. तासाभरात वाफेचं पाणी होतं, हवा आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. रबर जितकं चांगलं तितकं झाकण घट्ट बसतं. मोठ्या माणसाला हे जाणवतही नाही, सात वर्षांच्या बोटांना मात्र ते उचलत नाही. आणि या वयाची मुलं वर्गात "मला डबा उघडता येत नाही" असं सहसा सांगत नाहीत.

डबा घेताना आपण रिकामा डबा मुलांना उघडायला लावतो. त्यातून काहीच कळत नाही. डब्यात अर्ध्यापर्यंत गरम पाणी घाला, झाकण लावा आणि तासाभराने तिच्या हातात द्या. उघडला नाही तर कारण सापडलं.

उपाय सोपे आहेत. डबा भरल्यावर ८ ते १० मिनिटं झाकण नुसतं वर ठेवा, क्लिपा निघताना लावा. तिला एक युक्ती शिकवा: झाकण मधून ओढायचं नाही, चमच्याचा दांडा एका कोपऱ्यात घालून तेवढाच कोपरा उचलायचा. हवा आत शिरली की झाकण आपोआप सुटतं. झाकणावर छोटं रबरी बूच असलेले डबेही मिळतात. बूच वर केलं की काम झालं. नवा डबा घ्यायचाच असेल तर तसा घ्या.

खलबत्ता

आता पोळी. कडा वाळलेल्या आणि मधे चिकट, ही दोन वेगवेगळ्या चुकांची खूण आहे. कड वाळते ती कणीक घट्ट असल्यामुळे आणि तवा कमी तापल्यामुळे. मध्य चिकट होतो तो गरम पोळ्या बंद डब्यात ठेवल्यामुळे. वाफ झाकणाला लागते, थेंब होतात आणि बरोबर मधे पडतात. ठाण्याच्या पावसाळी हवेत ते पाणी सुकतही नाही.

पाणी. ४ वाट्यांना सव्वा वाटी कमी पडतं. वाटीत कणीक दाबून भरली की सैल भरली यावर पुष्कळ फरक पडतो, म्हणून एकदा तरी काट्यावर मोजा. ३०० ग्रॅम कणकेला २०० ते २१५ मिली पाणी. वाटीने साधारण दीड वाटी. गिरणीचं पीठ जाडसर असेल तर आणखी दोन-तीन चमचे. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून यावा आणि कणीक हाताला लागू नये, इतपत सैल. लाटायला सोपी म्हणून घट्ट भिजवलेली कणीक गरम असताना छान लागते, चार तासांनी मात्र चामडं होतं.

मुरणं. भिजवल्यावर २० ते ३० मिनिटं ओल्या फडक्याखाली राहू द्या. कोंडा पाणी सावकाश पितो. लगेच लाटायला घेतलं तर ते पाणी तव्यावर वाफ होऊन निघून जातं. मुरलेली कणीक पुन्हा अर्धा चमचा तेलाच्या हाताने तिंबा. सकाळी अर्धा तास काढता येत नसेल तर रात्रीच भिजवा, वरून तेलाचा हात फिरवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभरात कणीक सैल होते, म्हणून भिजवतानाच २ चमचे पाणी कमी घाला. वरून थोडी काळपट होईल, हवा लागल्यामुळे होतं ते, बिघडलेली नसते. दुसऱ्या दिवशी संपवा. आंबूस वास आला किंवा चिकट तार सुटली तर टाकून द्या.

घडी. पारीला तेल सगळीकडे, अगदी कडेपर्यंत लावा आणि वर चिमूटभर पिठी भुरभुरवा. बहुतेकांचं तेल मधेच राहतं. मग मधे पापुद्रे सुटतात आणि कड एकजीव राहून वातड होते. लाटताना पिठी कमी घ्या आणि तव्यावर टाकण्याआधी जादाची झटका. पोळीवर राहिलेली पिठी जळते आणि ओलावा शोषते.

आच. मध्यम नको. तवा आधी मध्यम आचेवर ३-४ मिनिटं तापू द्या, मग मोठी आच. चिमूटभर पिठी टाकली की ५-६ सेकंदांत तांबूस व्हायला हवी. पोळी सगळी मिळून सव्वा ते दीड मिनिटात खाली उतरली पाहिजे. तीन मिनिटं लागत असतील तर ती भाजली जात नाही, वाळते आहे. पहिली बाजू फक्त बुडबुडे येईपर्यंत ठेवा, उलटा, आणि फुगताना कडा फडक्याने दाबून फिरवा. कच्ची राहिलेली कड गार झाली की हमखास वातड होते.

तव्यावरून उतरल्यावर. माझ्या मते सगळ्यात जास्त पोळ्या इथेच बिघडतात. पोळी थेट स्टीलवर टाकू नका. जाळीवर किंवा सुती फडक्यावर दोन मिनिटं, म्हणजे मोठी वाफ निघून जाते. मग डब्यात जाड सुती फडकं असं घाला की त्याची टोकं वरून दुमडता येतील. पोळ्या त्यात, टोकं वर, झाकण १० मिनिटं किलकिलं आणि मग बंद. फडकं वाफ शोषून घेतं आणि पोळीला वाळूही देत नाही. पावसाळ्यात फडकं रोज धुतलेलं आणि इस्त्री फिरवून कोरडं केलेलं हवं. कुबट फडक्याचा वास पोळीला लगेच लागतो.

आणि मुलीच्या पोळ्या सकाळी पावणेसहाला करूच नका. तिच्यापुरते दोन गोळे झाकून ठेवा आणि पावणेआठला लाटा. तवा तापून दोन पोळ्या होईपर्यंत ८ मिनिटं लागतात. पोळीचं वय पावणेसात तासांवरून पावणेपाचवर येतं.

रात्रीच पोळ्या करून फ्रीजमध्ये ठेवायचा मोह होतो, पण तसं करू नका. शिजलेल्या पिठातला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा कडक होतो, आणि फ्रीजच्या थंडाव्यात तर बाहेरच्यापेक्षा लवकर. फ्रीजमध्ये कणीक ठेवावी, पोळी नाही.

जिरंमोहरी

खलबत्ता यांच्याशी सहमत, एक भर. पाण्याऐवजी अर्धं दूध आणि अर्धं पाणी घेऊन कणीक भिजवली तर पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. पनीर केल्यावर उरलेलं पाणीही चालतं. प्रवासाच्या दशम्या दुधातच भिजवतात, त्या दुसऱ्या दिवशीही तुटत नाहीत.

खलबत्ता

जिरंमोहरी, मऊ राहते हे खरं. पण दशमी कोरडी खमंग भाजतात आणि पूर्ण गार करून बांधतात. इथे पोळी किंचित ओली राहणार, बंद डब्यात ठाण्याच्या हवेत चार-पाच तास. दुधाची कणीक अशा ओलीत लवकर आंबूस होते. मुलाच्या ९.५० च्या डब्याला खुशाल करा, १२.३० च्या डब्याला पाणीच बरं. दूध घातलेली कणीक रात्रभर ठेवू नये हेही आलंच.

जिरंमोहरी

मान्य. मग दुसऱ्या डब्यासाठी तेल वाढवा: ३०० ग्रॅमला २ चमचे मोहन. तेवढ्याने बराच फरक पडतो.

पाटावरवंटा

भाजीबद्दल. गरम पोळीबरोबर ताटात वाढायची भाजी आणि डब्यात चार तास बसणारी भाजी एकच असं धरून आपण चालतो. डब्याची भाजी घरी खायच्या भाजीपेक्षा एक पायरी कोरडी आणि मीठ-तिखटाला किंचित पुढे हवी, कारण गार पदार्थाची चव फिकी लागते.

भेंडी: रात्रीच धुवा, पुसा आणि फडक्यावर पसरून ठेवा. चिरताना भेंडी, विळी, हात, सगळं कोरडं. भेंडीचा चिकटपणा पाण्यात विरघळून पसरतो, पाणीच नसेल तर तार धरत नाही. पसरट कढई घ्या, झाकण ठेवू नका आणि पहिली ५ मिनिटं फारशी ढवळू नका. पाव किलोला २ आमसुलं किंवा अर्ध्या लिंबाचा रस. मीठ शेवटच्या दोन मिनिटांत. आधी मीठ घातलं की पाणी सुटलंच.

कोबी: आपल्याकडे झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची पद्धत आहे. त्याने वाफ परत भाजीतच गळते. ताटासाठी छान, डब्यासाठी नाही. अर्ध्या तासाची भिजवलेली मूगडाळ, पाव किलो कोबीला २ मोठे चमचे, फोडणीत घाला. ती ओल धरते. कोबी शिजत आला की झाकण काढा आणि मोठ्या आचेवर ३-४ मिनिटं परता. कढईचा तळ कोरडा दिसला पाहिजे. कोबी फार शिजवला तर गंधकाचा वास येतो आणि बंद डब्यात तो साठून राहतो. शेजारचं मूल नाक मुरडतं आणि आपलं मूल डबा बंद करून टाकतं. म्हणून कोबीला जरा करकरीतपणा राहू द्या.

दुधी, पडवळ, दोडका: यांच्यात जवळपास सगळं पाणीच. डब्यात भाजी म्हणून देऊच नका. दुधी किसून थालीपिठाच्या भाजणीत घाला. वाटीभर किसाला दीड वाटी भाजणी पुरते, वेगळं पाणी जवळजवळ लागत नाही.

पीठ पेरून: ढोबळी मिरची, कांद्याची पात, मेथी यांना उत्तम. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर ५-६ मिनिटं खमंग भाजून बरणीत भरून ठेवा, आठवडाभर पुरतं. पाव किलो भाजीला ४ मोठे चमचे बेसन, दोन-तीन वेळा विभागून पेरा, प्रत्येक वेळी नुसती वाफ येऊ द्या. एक काळजी घ्या: ही भाजी दुपारपर्यंत फार कोरडी होते आणि लहान मुलांना तोठरा बसतो. म्हणून रोजच्यापेक्षा चमचाभर तेल जास्त, आणि शेवटी पाण्याचा एकच हबका.

ओला नारळ पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वर्ज्य. साडेबारापर्यंत आंबतो. त्याऐवजी भाजलेलं सुकं खोबरं, तिळाचं किंवा दाण्याचं कूट. पाव किलो भाजीला २ चमचे कूट घातलं की सुटलेलं थोडंफार पाणी तेच पितं.

भाजी कढईतून थेट डब्यात नको. ताटात पसरून ७-८ मिनिटं ठेवा. झाकणाचा प्रश्न, पाण्याचा प्रश्न आणि पोळी भिजण्याचा प्रश्न, तिन्हींना याने आळा बसतो. आणि कप्प्यांच्या डब्यात कप्प्याची भिंत वर झाकणाला टेकलेली आहे का, तेही बघा. बहुतेक डब्यांत दोन-तीन मिलीमीटर फट असते आणि दप्तर आडवं झालं की भाजीचं पाणी त्यातून जातं. भाजीसाठी आत मावणारी वेगळी झाकणाची डबी ठेवा.

गुंडाळी द्यायची असेल तर पोळीला आधी तुपात कालवलेली चटणी पातळ फासा, मग भाजी. तुपामुळे भाजीचं पाणी पोळीत उतरत नाही. गुंडाळी गार झाल्यावर दोन तुकडे करून बटर पेपरमध्ये बांधा. वर्तमानपत्रात नको. शाईमुळे अन्न त्यात बांधू नये अशी सूचना एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०१६ मध्येच काढली आहे, तरी अजून अनेक घरांत तेच वापरलं जातं.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डबा न उघडता परत आला तेव्हा कडीकोयंडा यांनी सांगितलं तसं बघितलं. "पक्" आवाज आला. उद्यापासून झाकण उशिरा लावणार. दोन गोळे मागे ठेवायचं आज करून बघितलं, पोळी संपलेली होती, फक्त कडा परत आल्या. आता पाणी वाढवते आणि आच मोठी करते.

परत आलेल्या डब्यावरून आणखी काय काय कळतं? कारण तोंडाने ती काहीच सांगत नाही.

पाटावरवंटा

पुष्कळ कळतं. "का नाही खाल्लं" हा प्रश्न मुलाला विचारण्याआधी डब्याला विचारावा. घासायला टाकण्याआधी अर्धं मिनिट त्याकडे बघायचं.

नुसत्या कडा उरल्या म्हणजे पोळीचा दोष, ते तुम्ही ओळखलंच आहे. पोळी संपली आणि भाजी उरली तर बहुधा भाजीचे तुकडे मोठे आहेत किंवा ती घासाबरोबर उचलली जात नाही. दुसरीतल्या मुलाला एका हाताने पोळीचा तुकडा तोडून त्यात भाजी धरणं अवघड जातं. भाजी बारीक चिरा किंवा गुंडाळीच द्या. भाजी संपली आणि पोळी उरली तर भाजी थोडी वाढवा, पोळी लहान करा. सात वर्षांच्या मुलीला १२-१३ सेंटिमीटरच्या दोन पोळ्या, प्रत्येकी साधारण ३० ग्रॅमच्या गोळ्याच्या, बहुधा पुरतात. मोठ्या माणसाच्या मापाची एक पोळी घडी घालून दिली तर तोडतानाच मूल कंटाळतं.

दोन-चार घास घेऊन सगळं उरलं तर वेळ. सुट्टी २० मिनिटांची असेल तर हात धुणं, रांग, डबा काढणं जाऊन खायला १२ मिनिटं उरतात. घरी तोच डबा, तेवढाच, घड्याळ लावून एकदा खायला द्या. २० मिनिटं लागली तर डबा मोठा आहे.

फळ उरलं आणि ते तपकिरी दिसत असेल तर कारण चव नसून रंग आहे. सफरचंदाच्या फोडी भांडंभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून ४-५ मिनिटं बुडवा, निथळा, पुसा, मग भरा. केळं सोलून कधीच देऊ नका. सालासकट, दप्तरात सगळ्यात वर. डाळिंबाचे दाणे आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी दुपारपर्यंत उत्तम टिकतात.

घरात आणखी लहान भावंडं असतील तर द्राक्षं उभी चिरून द्या आणि पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. घशात अडकतात. हे मात्र काटेकोर पाळा.

संत्र्याची_साल

नागपूरकडून थोडं. तुमचा आजचा प्रश्न दमट हवेचा, पण मार्च-एप्रिलमध्ये हाच डबा उलटा वागतो. आमच्या कोरड्या उन्हात झाकण किलकिलं ठेवलं की दहा मिनिटांत पोळी पापड होते. तेव्हा फडकं किंचित ओलसर, पिळून घेतलेलं, आणि झाकण दोन मिनिटांतच बंद. हिवाळ्यात पोळीला तुपाऐवजी तेल लावा. डिसेंबरच्या सकाळी तूप पोळीवरच थिजतं, पांढरे डाग दिसतात आणि तोंडात मेणचट लागतं.

भाताचंही सांगते, कारण आठवड्यातून एक दिवस पोळीला सुट्टी हवीच. दहीभात द्यायचा तर दही कालवून देऊ नका, दुपारपर्यंत आंबट होतो. सकाळचा ताजा भात १ वाटी, गरम असतानाच मऊ कुस्करा, त्यात पाऊण वाटी दूध. बोटाला कोमट लागेल इतका निवला की १ चमचा दही आणि मीठ. भात गरम असताना दही घातलं तर विरजण मरतं, मग ते लागत नाही. वर तूप, जिरं, हिंग, थोडी उडीद डाळ आणि कढीपत्त्याची फोडणी. ८ ला भरलेला १२.३० पर्यंत डब्यातच हलका लागतो, गोडसर राहतो. पहिल्यांदा बघताना फार पातळ वाटेल, पण भात दूध पितो. कडक उन्हाळ्यात दही अर्धाच चमचा, थंडीत दोन.

रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात देणार असाल तर रात्री तो ओट्यावर राहिलेला नसावा. शिजवूनही न मरणारे जंतूंचे बीजाणू भातात असतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते सकाळच्या फोडणीने जात नाही. भात उरणार हे दिसत असेल तर जेवण झाल्याबरोबर ताटात पसरा, तासाभरात फ्रीजमध्ये टाका आणि सकाळी कढईतून चांगली वाफ येईपर्यंत परता. ओट्यावर राहिलेला असेल तर त्या दिवशी पोहे करा.

सोलकढी

न्यू जर्सीतून दोन मुद्दे, इकडे डबा देणाऱ्या आयांसाठी. दाण्याचं कूट वर आलं आहे, पण अमेरिकेत पुष्कळ शाळांत शेंगदाण्याला मज्जाव किंवा बंधन असतं. शाळेचा लेखी नियम आधी वाचा. त्याऐवजी तीळ सुचवणार होते, पण २०२३ पासून तीळही इथल्या मुख्य ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहेत, म्हणून वर्गात कोणाला चालत नाहीत का ते विचारून घ्या. त्या यादीत नसलेला पर्याय म्हणजे डाळ्याचं पीठ. डाळं मिक्सरमधून काढून ठेवा, पाणी तर ते कुटापेक्षाही जास्त पितं.

दुसरं, थर्मासचा डबा. उसळ, खिचडी, सांबार द्यायचं तर आधी त्यात उकळतं पाणी भरून १० मिनिटं झाकून ठेवा, मग ओतून देऊन उकळता पदार्थ काठोकाठ भरा. अर्धा भरला तर दुपारपर्यंत कोमट होतो, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे अन्न जितकं जास्त वेळ राहील तितकं ते लवकर बिघडतं. या डब्याला मात्र "गार करून भरा" हा वरचा सल्ला लागू नाही. त्यामुळे झाकण हवा सोडणाऱ्या बुचाचंच घ्या.

ओसरी

चार दिवसांनी लिहिते आहे. ३०० ग्रॅमला २१० मिली पाणी, रात्रीच भिजवलेली कणीक, मोठी आच, मुलीच्या दोन पोळ्या पावणेआठला. कडा परत येणं थांबलं. कोबी मूगडाळ घालून झाकण न ठेवता केला, कप्पा कोरडा होता. डबा न उघडता परत आला नाही.

एकच राहिलं. झाकणाच्या रबराला भाजीचा वास बसला आहे, रोज साबणाने घासूनही जात नाही. रबराखालच्या खाचेत काळं दिसतं. डबाच बदलावा लागेल का?

कडीकोयंडा

डबा नको, फार तर रबर बदलावं लागेल. काळं आहे ती बुरशी. रबर न काढता घासलं तर खाचेत पाणी आणि तेल राहतं आणि तिथेच ती वाढते. रबर चमच्याच्या मागच्या बोथट टोकाने उचला, सुरीने नको, फाटतं. मोठ्या वाटीत कढत पाणी, १ चमचा खायचा सोडा, अर्धा तास बुडवून ठेवा. खाच जुन्या मऊ टूथब्रशने घासा. मग रबर आणि झाकण वेगवेगळं पूर्ण सुकवा. ऊन मिळालं तर उन्हात, हळदीचे डागही उन्हानेच उडतात. ओलं असताना रबर परत बसवू नका.

आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, रबर काढून धुवायचं ठरवून घ्या. रविवारभर डबा झाकण उघडून पालथा ठेवा. एवढं करूनही काळं गेलं नाही किंवा रबर सैल पडलं असेल तर भांड्यांच्या दुकानात झाकण घेऊन जा आणि त्या मापाचं रबर मागा. बसवताना रबराची चपटी बाजू खाचेत, गोलाई बाहेर. उलटं बसलं तर क्लिपा लागतात, पण डबा गळतो.